पाळी आठ तासांची, दिवस बारा तासांचा

(पिंपरी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



अभ्यासवर्गाच्या कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या व्याख्यानाचा विषय ‘पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्याचा भूगोल आणि वाहतूक’ असा छापलेला पाहून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. आपल्या वर्गात गांधी, मार्क्स, लोहिया यांच्यावर बोलायचे, जमीनसुधारणेवर बोलायचे, फार तर कामगार कायद्यांवर बोलायचे. नद्या, फाटे आणि बसथांबे हा शाळामास्तरांचा आणि नगररचनाकारांचा प्रांत, अशी आपली एक समजूत आहे. ही समजूत आपल्या चळवळीला फार महागात पडली आहे, असे माझे मत आहे. ते का, हे सांगण्यासाठी मी उभा आहे.

आपण सारे या भागातले आहात. पहाटे सहाच्या सुमारास नाशिक फाट्यावर किंवा भोसरीच्या नाक्यावर उभे राहिलात तर तीन प्रकारची वाहने आपल्यासमोरून जाताना दिसतील. पहिली कंपनीची बस. तिच्या काचेवर कारखान्याचे नाव असते, आत प्रत्येकाला बसायला जागा असते, आणि बहुतेक जण झोपेची राहिलेली थकबाकी वसूल करीत असतात. दुसरी पीएमपीची बस. ती येईल तेव्हा येते. तिसरे वाहन म्हणजे टेम्पो, जीप किंवा रिक्षा. त्यात किती माणसे मावतात याचा हिशेब चालकाच्या धाडसावर अवलंबून असतो. पहिल्या वाहनात कायम कामगार आहे. तिसऱ्यात ठेकेदाराचा कामगार आहे, शिकाऊ उमेदवार आहे, कँटीनमध्ये भांडी घासणारी बाई आहे. दोघेही एकाच कारखान्याच्या एकाच फाटकातून आत जाणार आहेत, कदाचित एकाच यंत्रापाशी उभे राहणार आहेत. वर्गातली फूट पाहण्यासाठी ग्रंथ उघडण्याची गरज नाही. ती रस्त्यावर रोज पहाटे चाकांवरून जाते.

आता थोडा भूगोल सांगतो. उत्तरेला इंद्रायणी, दक्षिणेला मुळा आणि मधून वाहत येऊन दापोडीजवळ मुळेला मिळणारी पवना, अशा तीन नद्यांमध्ये पिंपरी-चिंचवड पसरले आहे. इंद्रायणीच्या काठी देहू आणि आळंदी, पवनेच्या काठी मोरया गोसावींचे चिंचवड. आषाढीला तुकोबांची पालखी देहूहून निघते आणि आकुर्डीला मुक्काम करते. म्हणजे या वाटेने माणसे पायी चालण्याची परंपरा कारखान्यांहून कितीतरी जुनी आहे. फरक एवढाच की वारकरी स्वेच्छेने चालतो.

या भूमीवरून दोन वाटा जातात, आणि माझ्या साऱ्या म्हणण्याचे मूळ त्या दोन वाटांत आहे. एक वाट वायव्येकडे, मुंबईला जाणारी. तिच्यावर रस्ता आणि रेल्वे हातात हात घालून चालतात. खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १८५८ सालीच सुरू झाला. बोरघाटातला चढ तेव्हा पुरा व्हायचा होता, म्हणून प्रवासी घाटात पालखीने उतरत. १८६३ साली घाटही जोडला गेला. दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड ही स्थानके त्या वाटेवर माळेसारखी आहेत. दुसरी वाट कासारवाडीजवळ नाशिक फाट्याला फुटते आणि भोसरी, मोशी करीत इंद्रायणी ओलांडून चाकण, राजगुरुनगरकडे जाते. या वाटेवर रूळ नाहीत. १८५८ साली नव्हते, आजही नाहीत.

उद्योग आधी पहिल्या वाटेवर आले, आणि त्याला कारण होते. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासूनचा. फाळणीनंतर पिंपरीला सिंधी निर्वासितांची छावणी वसली. मग १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आला. सार्वजनिक क्षेत्रातला हा देशातला पहिला औषध कारखाना. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने येथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. या कारखान्याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो, कारण त्याने कारखान्याबरोबर वसाहतही बांधली. एचए कॉलनीतला कामगार भोंगा झाला की डबा घेऊन पायी निघे आणि पाळी सुटली की पायी घरी येई. सरकारी कारखान्यांचे दोष मला माहीत आहेत, आणि पुढे या कारखान्याचे जे हाल झाले तेही आपण पाहिले. परंतु माणूस कारखान्यात येतो तो कोठून तरी येतो आणि कोठे तरी परत जातो, ही साधी गोष्ट त्या पहिल्या पिढीच्या नियोजनाला ठाऊक होती. पुढे तिचा विसर पडला.

१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली. मुंबईत नव्या उद्योगांची दाटी नको, ते बाहेर जावेत, असे सरकारी धोरण होते. इकडे सपाट जमीन होती, पवनेचे पाणी होते, रेल्वे होती, पुण्याचा शिकलेला तरुण होता. टेल्को, बजाज, बजाज टेम्पो, एसकेएफ, सँडविक अशी नावे एकामागून एक आली. १९७० साली पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि आकुर्डी मिळून नगरपालिका झाली. १९७१ च्या जनगणनेत या नगरीची वस्ती एक लाखाच्याही आत होती. १९८२ मध्ये महानगरपालिका झाली, १९९७ मध्ये भोवतालची अठरा गावे आत घेतली, आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सतरा लाखांवर गेली. चाळीस वर्षांत वीसपट! एवढ्या वेगाने वाढलेली शहरे देशात थोडीच असतील.

महामंडळाने भूखंड आखले, पाण्याचे नळ टाकले, विजेची उपकेंद्रे उभारली, ट्रक वळतील एवढे रस्ते केले. कच्चा माल कोठून येईल, पक्का माल कोठे जाईल, सांडपाणी कोठे जाईल, याचा विचार झाला, निदान कागदावर तरी झाला. कामगार कोठून येईल याचा मात्र झाला नाही. नाही म्हणायला १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. औद्योगिक कामगाराला परवडेल अशा दरात कारखान्याजवळ घर मिळावे, हा त्यामागचा हेतू. त्यासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या. त्या बदल्यात साडेबारा टक्के परताव्याचा प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळत राहिला. आणि निगडी प्राधिकरणात आज बंगले कोणाचे आहेत हे आपण फिरून पाहावे. २०२१ साली ते प्राधिकरण विसर्जितही झाले. शेतकऱ्याची जमीन गेली, कामगाराला घर मिळाले नाही. मधले कोणीतरी सुखी झाले.

घर जवळ नाही म्हटल्यावर प्रवास आला. १९७४ च्या मार्चमध्ये नगरपालिकेने स्वतःची बससेवा सुरू केली. एका कोवळ्या नगरपालिकेने उचललेले ते धाडसाचे पाऊल होते. आणि १९७८ च्या मार्चमध्ये पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली. त्या वेळी रेल्वेमंत्री कोण होते हे आपल्या तरुण साथींना सांगायला हवे. साथी मधु दंडवते होते. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर रात्र काढणाऱ्या प्रवाशाला गादी मिळाली ती याच मंत्र्याच्या काळात. रेल्वे खात्याकडे पाहण्याची ती एक दृष्टी होती. गाडीत सर्वांत शेवटी कोण चढतो, त्याचे काय, हा प्रश्न आधी विचारायचा. आकुर्डी आणि चिंचवडच्या कामगाराला लोकल मिळाली हे मी त्याच दृष्टीचे फळ मानतो. परंतु लोकलचा पुढचा विस्तार झाला नाही. तेच दोन रूळ. त्यांवरून मुंबई, सोलापूर आणि दक्षिणेकडच्या लांब पल्ल्याच्या गाड्या जायच्या, मालगाड्या जायच्या, आणि उरलेल्या फटीत कामगाराची लोकल बसवायची. तिसऱ्या आणि चौथ्या रुळाची मागणी करता करता एक पिढी निवृत्त झाली. दंडवत्यांचे नाव आपण दरवर्षी घेतो. त्या रुळांसाठी आपण किती वेळा रुळांवर बसलो?

आता मी आपल्याला आवडणार नाही असे बोलणार आहे. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत या पट्ट्यात कामगार संघटना बलवान होत्या. १९८९ साली टेल्कोचे कामगार शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले तेव्हा साऱ्या राज्याचे लक्ष इकडे लागले होते. या संघटनांनी वेतनकरारांत महागाई भत्ता मिळविला, कँटीन मिळविले, गणवेश मिळविला, आणि कंपनीची बसही मिळविली. त्या त्या वेळी तो विजयच होता. मी त्यांना दोष देत नाही. पाळीवरून रात्री बारा वाजता सुटलेल्या माणसाला बस हवीच होती. पण त्याचा परिणाम काय झाला? ज्याच्या आवाजाला धार होती, ज्याच्यामागे युनियन होती, तो प्रवासी सार्वजनिक बसच्या रांगेतून उठून गेला. मागे राहिले ते बिगरसंघटित. त्यांच्यासाठी बस उशिरा आली तर कोणी फाटक बंद पाडणार नव्हते. सार्वजनिक सेवेचे भांडण लढणारा गडीच आपण आखाड्यातून बाहेर काढला. शिवाय त्या बसेसचा हिशेब पाहा. सकाळी माणसे आणायची, दिवसभर फाटकाच्या आत उन्हात उभे राहायचे, संध्याकाळी माणसे सोडायची. शेकडो बसेस पाळीच्या मधल्या वेळात उभ्या, आणि त्याच वेळी बाहेर थांब्यावर माणसे तासतासभर उभी! या पट्ट्यात ट्रक, बस, तीनचाकी, मोटारी, स्कूटर, सारे बनले. वाहन बनविणाऱ्या हातांना स्वतःला वाहन मिळत नाही, याला नियोजन म्हणायचे काय?

यानंतर कारखान्यांनी पहिली वाट सोडून दुसरी धरली. चाकण म्हटले की जुन्या लोकांना संग्रामदुर्ग आठवतो; १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने शाएस्तेखानाच्या फौजेला तेथे दीड-दोन महिने रोखून धरले होते. नाहीतर आठवतो कांदा-बटाट्याचा बाजार. १९९९ मध्ये बजाजने तेथे कारखाना काढला. २००९ मध्ये जर्मन फोक्सवॅगनचा आला. महिंद्र आले, मर्सिडीझ आली आणि त्यांच्यामागे सुट्या भागांचे शेकडो लहान-मोठे कारखाने आले. २००७ साली बजाजने आकुर्डीतले वाहन-उत्पादन थांबविले. या एका घटनेत माझा सगळा विषय सामावला आहे. आकुर्डीत हाकेच्या अंतरावर रेल्वे स्थानक होते. जेथे लोकल जाते तेथून काम उठले आणि जेथे रूळ नाहीत तेथे गेले. मालकाला स्वस्त जमीन मिळाली, करसवलत मिळाली, आणि नवा, असंघटित, बहुतांशी कंत्राटी कामगार मिळाला. तीन गोष्टी एकदम साधल्या. वाढलेल्या अंतराचा खर्च कोणाच्या हिशेबी पडला, हे त्यांच्या ताळेबंदात कोठेही सापडणार नाही.

इंद्रायणीपलीकडचा हा भाग खेड तालुक्याचा. कुरुळी, निघोजे, महाळुंगे, खराबवाडी, खालुंब्रे, सावरदरी, वासुली, भांबोली. काल-परवापर्यंत ही ज्वारी-बाजरीची, कांद्याची गावे. आज प्रत्येक गावात पत्र्याच्या आणि विटांच्या खोल्यांच्या रांगा आहेत. त्यांत मराठवाड्याचा, विदर्भाचा, बिहारचा, ओडिशाचा तरुण चार-चार, सहा-सहांनी राहतो. महानगरपालिकेची हद्द इंद्रायणीला संपते. पुढे ग्रामपंचायती, एक नगरपरिषद, एक औद्योगिक महामंडळ, एक महानगर प्राधिकरण आणि राष्ट्रीय महामार्गाचे खाते. रस्त्यावरचा खड्डा कोणाचा, हे ठरविण्यातच पावसाळा सरतो. तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्त्यावर कंटेनरांची रांग, नाशिक रस्त्यावर कंटेनरांची रांग, आणि चाकणच्या तळेगाव चौकात दोन्ही एकमेकींना भेटतात. त्या गर्दीत अडकलेल्या मालाच्या नुकसानीबद्दल उद्योजकांच्या संघटना मंत्र्यांना निवेदने देतात, आणि मंत्री येऊन पाहणीही करतात. अडकलेल्या माणसाबद्दल निवेदन देणारा कोणी नाही. त्याची पाळी चुकली तर ठेकेदार अर्धा दिवस कापतो, प्रकरण मिटले.

टेम्पोची गोष्ट गमतीची नाही. ११ ऑगस्ट २०२५ रोजी, श्रावणी सोमवारी, याच खेड तालुक्यातल्या पापळवाडीच्या महिला कुंडेश्वराच्या दर्शनाला पिकअप गाडीतून निघाल्या होत्या. घाटात गाडी दरीत कोसळली आणि किमान दहा जणी दगावल्या. पिकअप ही माल वाहण्याची गाडी. वर्तमानपत्रांनी चालकाबद्दल लिहिले, घाटाबद्दल लिहिले. पण देशाच्या मोटार उद्योगाची राजधानी म्हणवून घेणाऱ्या तालुक्यात बायकांना देवाला जायला मालाची गाडी का करावी लागते, हा प्रश्न मागेच राहिला.

चाकणला रेल्वे येणार, असे आपण पुष्कळ वर्षे ऐकत आहोत. सुमारे २३५ किलोमीटरचा पुणे-नाशिक वेगवान रेल्वेमार्ग चाकणवरून जाणार होता. नारायणगावजवळ खोडदला जी महाकाय रेडिओ दुर्बीण आहे तिच्या निरीक्षणांना बाधा येईल असा आक्षेप निघाला, आणि तो मार्ग दुसरीकडून नेण्याची भाषा सुरू झाली. दुर्बीण महत्त्वाची आहे, तिचे रक्षण झालेच पाहिजे. पण खोडद चाकणच्या कितीतरी पलीकडे आहे. नाशिकपर्यंतचा मार्ग कोठूनही जावो, भोसरीहून चाकणपर्यंत साध्या लोकलचे रूळ टाकायला कोणती दुर्बीण आडवी येते? हा प्रश्न कोणी विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही, कारण लोकल ही कामगाराची गाडी आणि वेगवान रेल्वे ही प्रतिष्ठेची.

येथे थोडे देशाबाहेर पाहू. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना २०२० च्या अखेरीस थांबला, कामगार रस्त्यावर आले, आणि २०२३ साली दक्षिण कोरियाच्या ह्युंदाईने तो विकत घेण्याचा करार केला. तेव्हा कोरिया आता आपल्या शेजारीच आहे. त्या देशात सेऊलच्या नैर्ऋत्येला आन्सान नावाचे उपनगरी शहर आहे. राजधानीतले लहान कारखाने बाहेर काढण्यासाठी सरकारने १९७७ पासून ते आखले. आपल्या पिंपरी-चिंचवडचे जणू धाकटे भावंड. १९८८ साली, म्हणजे अकरा वर्षांत, तेथे विजेची उपनगरी रेल्वे पोहोचली. सेऊलची पहिली भुयारी रेल्वे १९७४ साली सुरू झाली तीसुद्धा सुवोन आणि इंचॉनच्या उपनगरी रुळांना जोडूनच.

याचा अर्थ कोरियाचे गोडवे गावे असा नव्हे. ही आखणी केली ती पार्क चुंग-ही यांच्या लष्करी राजवटीने, आणि तिने कामगारांच्या संघटना चिरडल्या. सेऊलच्या कापड बाजारातल्या शिवणकाम करणाऱ्या कोवळ्या मुलींना माणसासारखे वागवा, कामगार कायदा पाळा, एवढीच मागणी करीत चॉन ते-इल नावाच्या बावीस वर्षांच्या कामगाराने नोव्हेंबर १९७० मध्ये स्वतःला जाळून घेतले. त्याच्या चरित्रात एक गोष्ट सांगतात. आपले बसभाडे खर्चून तो त्या उपाशी मुलींना खाऊ घेऊन देई आणि स्वतः रात्री मैलोगणती चालत घरी जाई. ती हुकूमशाही होती, तिला माणसाची पर्वा नव्हती. तरीसुद्धा कारखाना चालवायचा तर कामगार फाटकाशी वेळेवर पोहोचला पाहिजे, एवढा हिशेब तिला कळत होता. आपल्या लोकशाहीला तोही कळू नये? की आपल्याकडे कामगार इतका स्वस्त आहे की एक उशिरा आला तर दुसरा फाटकाशी उभाच असतो?

मेट्रोबद्दल मी काहीच बोललो नाही तर आपण विचाराल. मार्च २०२२ मध्ये पिंपरी ते फुगेवाडी मेट्रो सुरू झाली, ऑगस्ट २०२३ मध्ये ती शिवाजीनगरच्या न्यायालयापर्यंत आणि सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंत गेली. निगडीकडच्या वाढीव मार्गाचे कामही हाती घेतले आहे. मेट्रो चांगली आहे, थंड आहे, वेळेवर येते. मी स्वतः तिने आलो. पण ती धावते कोठे? ज्या पहिल्या वाटेवर रेल्वे आधीपासून आहे, त्याच वाटेवर. नाशिक फाट्याच्या स्थानकाला आधी ‘भोसरी’ असे नाव दिले होते. भोसरी गाव तेथून चांगले लांब आहे. नावाने भोसरीला मेट्रो मिळाली, पायांना नाही. त्यापेक्षा २०१५ पासून सांगवी-किवळे आणि नाशिक फाटा-वाकड रस्त्यांवर बससाठी ज्या राखीव मार्गिका झाल्या, तो निर्णय मला अधिक लोकशाहीचा वाटतो. साठ माणसांच्या बसला एका माणसाच्या मोटारीआधी वाट मिळाली पाहिजे, हे तत्त्व त्यात मान्य झाले. त्या मार्गिकांत घुसणाऱ्या मोटारी हटविण्याची हिंमत मात्र प्रशासनाने सातत्याने दाखविली नाही.

२००७ साली पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी मिळून पीएमपी झाली. तोटा दोन्ही महापालिकांनी साठ-चाळीस या प्रमाणात भरायचा. चाकणला, तळेगावला जाणाऱ्या बसचा तोटा मात्र कोणाचा? त्या गावांची महापालिका नाही. आणि औद्योगिक महामंडळ, जे भूखंडांचे अधिमूल्य घेते, भाडे घेते, सेवाशुल्क घेते, ते कामगाराच्या बससाठी जबाबदार नाही. अशा स्थितीत तोटा कोणाच्या खिशातून भरला गेला? १ जून २०२५ पासून पीएमपीने भाडे वाढविले. किमान तिकीट ५ रुपयांचे १० झाले, ४० रुपयांचा दैनिक पास ७० रुपयांना झाला. महिन्याचे सव्वीस दिवस धरा. रोजचे ३० रुपये म्हणजे महिन्याला ७८० रुपये एका माणसावर वाढले. आपण त्या आठवड्यात एक पत्रक काढले आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या विषयाकडे वळलो.

पैशापेक्षाही मोठा प्रश्न वेळेचा आहे. समजा, एक मुलगी दापोडीत राहते आणि महाळुंग्याच्या कारखान्यात सकाळी सातच्या पाळीला जाते. तिला पाचला घर सोडावे लागते. फाट्यापर्यंत चालणे, भोसरीपर्यंत बस, चाकणपर्यंत मिळेल ते, तेथून पुढे वाटणीची रिक्षा. साडेतीनला पाळी सुटली की घरी पोहोचेपर्यंत सहा वाजतात. आठ तासांच्या पाळीसाठी दिवसाचे तेरा तास गेले. आठ तास काम, आठ तास विश्रांती, आठ तास स्वतःसाठी, ही मागणी घेऊन जगभरच्या कामगारांनी रक्त सांडले. कारखान्याच्या आत जे मिळविले ते फाटकाबाहेरच्या रस्त्याने परत घेतले. आणि आता आतलेही जाऊ घातले आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या रोजच्या कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. आठवड्याची मर्यादा तीच राहील, जादा कामाचा मोबदला मिळेल, असे सांगतात. त्या दापोडीच्या मुलीच्या दिवसात बारा तासांची पाळी घालून पाहा. झोपायला किती तास उरतात ते आपणच मोजा.

कायद्याने या बाबतीत एक दार किलकिले केले आहे, ते आपण पाहिले पाहिजे. २००३ साली उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचा रखवालदार पहाटेच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघाला आणि वाटेत अपघातात मरण पावला. नुकसानभरपाईचे ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की घर ते कामाची जागा या प्रवासातला अपघात, कामाशी त्याचा वेळ-स्थळाचा संबंध प्रस्थापित होत असेल तर, नोकरीच्या ओघातच झाला असे धरावे. त्या विधवेला न्याय मिळायला बावीस वर्षे लागली. पण तत्त्व पाहा. कामगार वाटेत मेला तर ती वाट कामाचा भाग ठरते. मग तो जिवंतपणी त्याच वाटेने रोज जातो तेव्हा ती त्याची खासगी बाब कशी? मरणाची भरपाई मालकाने द्यायची, तर जिवंत पोहोचविण्याची व्यवस्था मालकाने आणि सरकारने का करायची नाही? हा युक्तिवाद आपण वेतनकरारांच्या टेबलावर, महापालिकेच्या सभागृहात आणि औद्योगिक महामंडळाच्या दारात नेला पाहिजे.

मागण्या काय असाव्यात, यावर वाद होऊ शकेल; माझे मत मी सांगतो. औद्योगिक महामंडळाने आपल्या उत्पन्नातला ठरावीक वाटा बससेवेला दिला पाहिजे. पाळ्यांच्या वेळा जुळवून भोसरी, निगडी आणि तळेगाव स्थानक येथून चाकणच्या प्रत्येक टप्प्यापर्यंत बस हवी, रात्रपाळीसुद्धा धरून. आणि कंपनीची बस कंत्राटी कामगाराला मोकळी झाली पाहिजे. हे शेवटचे सोपे नाही. कायम कामगार म्हणेल, आम्ही लढून मिळविले ते यांना का द्यायचे? एका युनियन पदाधिकाऱ्याने मला हेच विचारले. मी म्हटले, दादा, तुमचा मुलगा कोठे कामाला आहे? तो काही वेळ बोलला नाही. त्याचा मुलगा त्याच पट्ट्यात ठेकेदाराकडे होता आणि टेम्पोने जात होता.

आपल्या हातात आज आकडे नाहीत. किती माणसे कोणत्या पाळीला कोठून येतात, याची नोंद सरकारकडे असेल तर ती आपल्याला कोणी दाखविलेली नाही, आणि आकड्यांवाचून केलेली मागणी निवेदनांच्या ढिगात जाते. म्हणून माझी सूचना अशी. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी पहाटे पाचपासून आठपर्यंत आपल्यापैकी वीस जणांनी नाशिक फाटा, भोसरी, मोशी आणि चाकणचा तळेगाव चौक येथे वह्या घेऊन उभे राहावे. किती पीएमपी बस गेल्या, किती कंपनीच्या, किती टेम्पो, त्यांत अंदाजे किती माणसे, थांब्यावर उभ्या माणसाला किती वेळ लागला, एवढेच लिहायचे. घोषणा द्यायच्या नाहीत. दुपारी पाळी सुटताना पुन्हा तेच. ज्यांना यायचे आहे त्यांनी चहाच्या वेळी नावे द्यावीत. चाकणच्या चौकासाठी ज्यांची नावे निघतील त्यांनी आदल्या रात्रीच यावे. पहाटे पाचला तेथे पोहोचविणारी बस मिळेल याचा भरवसा नाही. मुक्कामाची सोय कुरुळीच्या साथींनी आपल्या खोलीवर केली आहे. सतरंजी मात्र प्रत्येकाने आपापली आणायची आहे.